तेरणेकाठचे तगर, सार्नोकाठचे पाँपेई

सहलीचे दिवस आले की शाळाशाळांतून ठरावीक नावे पुढे येतात. मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावातील शाळेला एका दिवसाची सहल काढायची असेल तर अक्कलकोट अगदीच हाकेच्या अंतरावर. मग तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर, नळदुर्ग किंवा सोलापूरचा भुईकोट किल्ला यांपैकी एखादे ठिकाण ठरते. ही ठिकाणे पाहण्याजोगी आहेतच. पण इतिहास आणि विज्ञान हे दोन्ही विषय एकाच दिवसात, एकाच ठिकाणी शिकवायचे असतील तर आम्ही एक वेगळे नाव सुचवू : तेर. अक्कलकोट, तुळजापूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) असे करत गेले तर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर पडते. पहाटे निघून रात्री परत येता येते.

तेर हे आज तेरणा नदीच्या काठचे एक मध्यम आकाराचे गाव आहे. वारकरी त्याला संत गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून ओळखतात. दोन हजार वर्षांपूर्वी मात्र ते ‘तगर’ या नावाचे मोठे शहर होते आणि त्याचा व्यापार रोमन साम्राज्यापर्यंत पोचलेला होता. गावाभोवतीच्या टेकाडांतून आजही पावसाळ्यानंतर खापरे, मणी आणि शंखांच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. पण पहिल्यांदा येणाऱ्याला येथे ‘पाहायला’ फारसे काही दिसत नाही. पडके वाडे नाहीत, तटबंदी नाही, रस्त्यांची आखणी नाही. मग मुलांना दाखवायचे काय? या प्रश्नाचे उत्तर, थोडे आश्चर्य वाटेल, पण इटलीतील एका नदीकाठच्या शहरात सापडते.

सार्नोकाठचे शहर

नेपल्स शहरापासून पंचवीसएक किलोमीटरवर पाँपेईचे अवशेष आहेत. इटलीत कामानिमित्त गेलो असता तेथे एक दिवस घालवण्याचा योग आम्हांला आला. एका दिवसात पाँपेई पाहून होत नाही, पण शहर म्हणजे काय याची कल्पना येते. दगडी फरसबंदीचे रस्ते, त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड, पाव भाजण्याच्या भट्ट्या, धान्य दळण्याची मोठी जाती, भिंतींवर रंगवलेल्या निवडणुकीच्या जाहिराती, असे सारे काही तेथे आहे.

पाँपेई हे सार्नो नदीच्या मुखाजवळचे शहर होते, ही गोष्ट आज तेथे फिरताना ध्यानात येत नाही. आतल्या भागातील गावांचा माल नदीने खाली येई आणि येथून समुद्रमार्गे बाहेर जाई. आता समुद्र दूर सरला आहे आणि नदीचे पात्रही बदलले आहे. याला कारण व्हेसूव्हियस ज्वालामुखी. इसवी सन ७९ मध्ये त्याचा स्फोट झाला. सुरुवातीचे अठरा-वीस तास शहरावर हलक्या, छिद्राळ दगडांचा पाऊस पडत होता आणि त्यांचा जवळजवळ तीन मीटर जाडीचा थर साचला. पाठोपाठ तप्त वायू आणि राख यांचे लोट डोंगरउतारावरून वेगाने खाली आले व मागे राहिलेली माणसे त्यांत मरण पावली. स्फोटाची तारीख पूर्वी २४ ऑगस्ट मानली जाई. २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरातील एक तारीख मिळाली, तेव्हापासून स्फोट ऑक्टोबरात झाला असावा या मताला बळ आले आहे. महिना वादात असला तरी वर्षाबद्दल वाद नाही.

आमच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. पाँपेईच्या राखेखाली, तिला धक्का न लागता, जी वस्तू सापडते ती इसवी सन ७९ किंवा त्याआधीचीच असली पाहिजे. ज्वालामुखीने त्या शहराचे घड्याळ एका क्षणी थांबवले. जगातील फार थोड्या जुन्या शहरांना असे घड्याळ लाभले आहे. तगरला ते लाभलेले नाही.

तगर म्हणजे तेरच कशावरून?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषा जाणणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबडा समुद्र ते भारत या सागरी मार्गाची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘पेरिप्लस’. लेखकाचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्यात म्हटले आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगरहून साधे कापड, मलमल इत्यादी माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतो, असेही तो सांगतो.

हे तगर नेमके कोठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धारूर सुचवले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले व ते पुढे सर्वमान्य झाले. शिक्षकांनी हा वाद वर्गात गणित म्हणून मांडून पाहावा. नकाशा, पट्टी आणि प्रमाण एवढेच साहित्य लागते.

भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरते. वीस दिवसांनी भागले तर दिवसाची मजल साडेसतरा किलोमीटर येते. वाटेची वळणे धरली की प्रत्यक्ष चाल यापेक्षा अधिक, आणि भरल्या बैलगाडीला ती शोभण्यासारखी आहे. आता पैठणपासून तेर सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवसांनी भागले की पंधरा. दोन्ही आकडे जवळचे आहेत. हाच हिशोब दौलताबादला लावला तर ते पैठणपासून पन्नासएक किलोमीटरवरच, म्हणजे दिवसाला पाच किलोमीटर! शिवाय ते उत्तरेला. धारूरसाठी दिवसाला दहा-अकरा किलोमीटर येतात. जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेला आहे. म्हणजे अंतराच्या कसोटीला तेर सर्वांत चांगले उतरते. दिशेची कसोटी मात्र पूर्ण उतरत नाही, कारण तेर पैठणच्या आग्नेयेस, किंबहुना पूर्वेपेक्षा दक्षिणेकडे अधिक झुकलेले आहे. हेही मुलांना सांगितले पाहिजे. पुरावा सोयीचा तेवढा घ्यावा आणि गैरसोयीचा झाकावा, ही रीत विज्ञानात चालत नाही.

दुसरा पुरावा भाषेचा आहे आणि तो मराठी मुलांना फार आवडतो. संस्कृत शब्दाच्या मधोमध आलेला ‘ग’ प्राकृतात झिजून जातो. ‘नगर’चे ‘नयर’ झाले आणि ‘नयर’चे ‘नेर’. पारनेर, अमळनेर, जामनेर, संगमनेर या नावांतला ‘नेर’ तो हाच. त्याच चालीने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तयर’चे ‘तेर’ होते. तिसरा पुरावा राजांच्या बिरुदांचा. कोकण आणि कोल्हापूर येथील शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. त्यांचे मूळ घराणे तगरचे, ही आठवण त्यांनी शेकडो वर्षे जपली होती.

गणित, भाषा आणि शिलालेख अशा तीन वेगवेगळ्या वाटांनी जाऊन आपण एकाच गावात पोचतो. एकेकटा पुरावा कच्चा असेल, पण तिघांचे बोट एकाच दिशेला असले की निष्कर्ष पक्का होत जातो. मडके कच्चे की पक्के हे कुंभार थापटीने ठोकून पाहतो. गोरोबांनी संतमंडळींची डोकी याच रीतीने पारखल्याची कथा सर्वांना माहीत आहे. गोरोबांच्या गावाची ओळखही अशीच ठोकून पाहिलेली आहे.

दोन हस्तिदंती स्त्रिया

तेरला पोचल्यावर प्रथम कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जावे. तेरचेच रहिवासी असलेल्या लामतुरे यांनी गावाच्या टेकाडांतून मिळणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. ज्या काळात या वस्तू ‘मातीत सापडणारी खेळणी’ यापलीकडे कोणी मोजत नव्हते त्या काळात एका माणसाने हे काम केले, आणि त्यांचाच संग्रह पुढे या संग्रहालयाचा पाया ठरला. येथील पांढऱ्या चिकणमातीच्या मूर्ती मुलांना जवळून दाखवाव्यात. पुढचा व मागचा असे दोन साचे करून, दोन अर्धे जोडून त्या घडवल्या आहेत. त्यामुळे त्या आतून पोकळ आणि हलक्या राहतात. हे दुहेरी साच्याचे तंत्र रोमन जगाशी आलेल्या संबंधातून आले असे मानले जाते.

लामतुरे यांच्या संग्रहातील सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती. भरगच्च दागिने, गुंतागुंतीची केशरचना, उभे राहण्याची ऐटदार ढब. १९३८ साली पाँपेईत अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एका घरात अशाच घडणीची, सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती तुकड्यांच्या रूपात मिळाली. तिच्या दोन बाजूंना दोन छोट्या दासी आहेत. ती भारतीय आहे याविषयी कोणाला शंका नव्हती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मथुरेच्या शिल्पांशी तिचे साम्य प्रथम दाखवले गेले. पण तेरची मूर्ती आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळालेला हस्तिदंती मूर्तीचा तुकडा यांच्याशी तिची तुलना झाल्यावर, तिचा उगम सातवाहनांच्या दख्खनेत असावा असे अनेक अभ्यासक म्हणू लागले.

येथे थांबून मुलांना प्रश्न विचारावा : पाँपेईच्या मूर्तीवरून तेरविषयी आपण काय म्हणू शकतो आणि काय म्हणू शकत नाही?

म्हणू शकतो ते असे. पाँपेईची मूर्ती इसवी सन ७९ पूर्वी कोरलेली आहे. त्याच घडणीची तेरची मूर्तीही साधारण त्याच काळातली असण्याचा संभव मोठा आहे. अशी कोरीव कामे करणारे कारागीर त्या काळी दख्खनेत होते आणि त्यांच्या हातची किंवा त्यांच्या धाटणीची वस्तू इटलीच्या एका घरापर्यंत पोचली होती. म्हणजे तेरचे घड्याळ आपल्याला पाँपेईत पाहायला मिळाले.

म्हणू शकत नाही तेही तितकेच महत्त्वाचे. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली, असे सिद्ध झालेले नाही. एकच धाटणी अनेक गावांत आणि पिढ्यान् पिढ्या चालू शकते. शिवाय पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील खूण आहे. खरोष्ठी ही वायव्य भारतातील लिपी, दख्खनेतील नव्हे. तेव्हा ती मूर्ती वायव्येकडच्या कारागिराच्या वा व्यापाऱ्याच्या हातून गेली असावी, असा पक्षही तेवढ्याच जोराने मांडता येतो.

आणखी एक फरक आहे. जुझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात पाँपेईतील प्रत्येक घराला पत्ता दिला : विभाग, घरांचा चौक आणि दार. त्यामुळे त्या मूर्तीचा पत्ता आपल्याला सांगता येतो. पहिला विभाग, आठवा चौक, पाचवे दार. त्या घराला आता ‘भारतीय मूर्तीचे घर’ असेच म्हणतात. तेरच्या मूर्तीचा पत्ता फक्त ‘तेर’. उघड्यावर मिळालेल्या आणि संग्रहात आलेल्या वस्तूचा थर कोणी लिहून ठेवलेला नसतो. तिच्यासोबत कोणती खापरे होती, नाणे होते का, राख होती का, हे आता कधीच कळणार नाही. लामतुरे यांनी ती उचलली नसती तर ती नष्टच झाली असती, हे खरे. पण वस्तू वाचणे आणि वस्तूची साक्ष वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोमन व्यापाराची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. थोरला प्लिनी या रोमन ग्रंथकाराने तक्रार केली होती की भारत दर वर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (एक रोमन नाणे) एवढे धन ओढून घेतो. तगरचे कापड त्या मालाचाच एक भाग होते. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये आरमाराचा प्रमुख होता. व्हेसूव्हियसचा स्फोट पाहून तो लोकांच्या मदतीला जहाजे घेऊन गेला आणि तेथेच मरण पावला. त्याच्या भाच्याने लिहिलेल्या पत्रांमुळे त्या स्फोटाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आपल्याला मिळते.

तरंगणारी वीट, तरंगणारा दगड

तेरला त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. मागच्या बाजूने ते हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार आहे. हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते पाहिले आणि मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावे असे मत मांडले. भाजे-कार्ल्याची लेणी पाहिलेल्या मुलांना ते साम्य चटकन कळेल. तेथे डोंगर कोरून जे केले तेच येथे विटांनी उभारले आहे.

तेरच्या जुन्या विटांचा एक गुण विज्ञानाच्या शिक्षकाला फार उपयोगी पडण्यासारखा आहे. त्यांतील काही विटा पाण्यावर तरंगतात. त्यात चमत्कार काही नाही. विटेच्या मातीत भाताचा तूस मिसळला आणि वीट भाजली की तूस जळून जातो व त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. वस्तुमान घटते, आकारमान तेवढेच राहते. आपल्या नेहमीच्या विटेची घनता पाण्याच्या दीडपटीहून अधिक असते. पोकळ्या पुरेशा झाल्या की ती एकाच्या खाली येते आणि वीट तरंगते.

पाँपेईवर पडलेला छिद्राळ दगड, ज्याला प्युमिस म्हणतात, तोही पाण्यावर तरंगतो. तेथे पोकळ्या तुसाच्या नसून वायूच्या बुडबुड्यांच्या आहेत. सोडावॉटरची बाटली एकदम उघडावी तसा शिलारसात विरघळलेला वायू दाब कमी होताच फसफसून बाहेर येतो आणि शिलारस फेसाळ अवस्थेतच थिजतो.

आपल्या पायाखालचा काळा दगडही ज्वालामुखीचाच, पण जात निराळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनेत जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा थरांवर थर पसरत गेला. त्यातही वायूचे बुडबुडे होते. पुढे भूजलातील सिलिकेने त्या पोकळ्या सावकाश भरल्या आणि अकीक, गोमेद यांसारखे दगड तयार झाले. पैठणहून भडोचला जाणारे रंगीत दगड या जातीचेच. म्हणजे रोमन श्रीमंताच्या अंगठीतला खडा हा दख्खनच्या लाव्हातला भरून आलेला बुडबुडा असण्याचा संभव आहे!

शाळेत हा प्रयोग सहज होतो. एकाच मापाच्या साच्यात चार छोट्या विटा कराव्यात : एक नुसत्या मातीची, बाकीच्या तिघींत तुसाचे प्रमाण वाढवत न्यावे. गावातील कुंभाराच्या आव्यात त्या भाजून घ्याव्यात. नंतर वजन व मापे घेऊन घनता काढावी, आलेख काढावा आणि शेवटी त्या बादलीत सोडाव्यात. तरंगणारी वीट किती वेळाने बुडते याचीही नोंद करावी, कारण पोकळ्यांत हळूहळू पाणी शिरते. कोणती वीट हाताने लवकर मोडते हेही पाहावे. हलकेपणाची किंमत मजबुतीने चुकवावी लागते, हे मुलांना न सांगता कळेल.

भूकंपाची खूण

दोन्ही शहरांना जोडणारी आणखी एक गोष्ट आपल्या भागाच्या जिव्हाळ्याची आहे. स्फोटापूर्वी सतरा वर्षे, म्हणजे इसवी सन ६२ च्या सुमारास, पाँपेईला मोठा भूकंप झाला. ७९ मध्ये शहर गाडले गेले तेव्हाही कित्येक घरांची दुरुस्ती चालूच होती. डागडुजी केलेल्या भिंती आणि अर्धवट राहिलेली कामे तेथे आजही दिसतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे मारली. त्याचा धक्का सोलापूर जिल्ह्यातही जाणवला. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे मोठे भूकंप होत नाहीत, हा समज त्या पहाटे कोसळला. या भागात पूर्वी असे काही झाले होते का, असा प्रश्न मग शास्त्रज्ञांना पडला. लेखी नोंदी फार मागे जात नाहीत. तेव्हा मातीलाच विचारावे लागले. किल्लारीच्या वायव्येस सुमारे पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या तेरच्या थरांचा अभ्यास सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन या भूवैज्ञानिकांनी केला आणि १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी येथे भूकंप झाल्याच्या खुणा थरांच्या वाकण्या-सरकण्यात दिसतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तगरच्या ऱ्हासाला तोच कारण झाला असे लगेच म्हणू नये. व्यापाराचे मार्ग बदलले, सातवाहनांची सत्ता त्याआधीच मावळली होती, रोमन व्यापारही आटला होता. पण या भूभागाची कूस पूर्वीही हलली होती, हे ज्ञान पुरातत्त्वाच्या थरांतून मिळाले, ही बाब साधी नाही. घरे कशी बांधावीत हे ठरवायला असे ज्ञान लागते.

पांढरीची साक्ष

आता आम्हांला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना, हाडे, शेण आणि केरकचरा यांनी वस्तीची जमीन उंच होते आणि तिचा रंग फिका पडतो. तेरची टेकाडे म्हणजे अशीच जुनी पांढर. त्यांतील प्रत्येक थर हे त्या गावाच्या बखरीचे एकेक पान आहे.

पांढरीच्या मातीत फॉस्फरस भरपूर असतो, म्हणून ती शेतात टाकण्यासाठी नेतात. ती पाण्याला लवकर दाद देत नाही, म्हणून माळवदांवर घालण्यासाठीही नेत आले आहेत. लोकांच्या दृष्टीने ही माती उपयोगाची आहे आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण परिणाम काय झाला तो पाहावा. गावोगावची जुनी टेकाडे पोखरली गेली, थर उलटेपालटे झाले. आणि माळवदावर दर काही वर्षांनी घातलेल्या मातीचे ओझे वाढत गेले. किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची ही जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, हा न्यूटनचा दुसरा नियम आपण नववीत शिकवतो. तेरच्या हलक्या विटा भूकंपाचा विचार करून केल्या होत्या असे म्हणण्यास काही आधार नाही. पण छप्पर हलके असावे, हा धडा आजच्या मुलांनी त्या विटेवरून जरूर घ्यावा.

पाँपेईत १७४८ साली खोदकाम सुरू झाले तेव्हा तेही खजिना शोधण्यासारखेच होते. चांगल्या मूर्ती उचलायच्या, बाकीचे तसेच टाकून द्यायचे. शंभर वर्षे बरेच नुकसान झाल्यावर फिओरेल्लीसारख्यांनी नोंदीची शिस्त आणली. आज त्या शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा मुद्दाम न खोदता ठेवला आहे, कारण उद्याच्या संशोधकाकडे अधिक चांगली साधने असतील. तेरला १९५८ साली चापेकरांनी आणि नंतर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने शास्त्रशुद्ध उत्खनने केली, पण टेकाडांचा बराच भाग अजून वाचायचा राहिला आहे. अभ्यासाची साधनेही सुधारत आहेत. पूर्वी दख्खनेत मिळालेल्या उंच सुरईवजा भांड्यांचे तुकडे सरसकट रोमन दारूच्या कुंभांचे समजले जात. मातीतील खनिजे आणि आतला डांबरी लेप तपासल्यावर त्यांतील कित्येक तुकडे इटलीचे नसून इराणच्या आखाताकडच्या भांड्यांचे निघाले. हा निर्णय करता आला, कारण ते तुकडे जपून ठेवलेले होते. फेकून दिलेल्या खापराला दुसऱ्यांदा प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून सहलीत एक नियम कटाक्षाने पाळावा. टेकाडावर दिसलेले खापर उचलून खिशात घालायचे नाही. ते जागेवरच ठेवून वहीत चित्र काढावे, रंग व जाडी लिहावी, जवळच्या खुणेपासूनचे अंतर पावलांनी मोजून टाकावे. काही वेगळे दिसले तर संग्रहालयात कळवावे. मुलांना हे जड जाईल, कारण सापडलेली वस्तू घरी नेण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. पण पत्ता असलेली मूर्ती आणि पत्ता हरवलेली मूर्ती यांतला फरक संग्रहालयात आधीच नीट समजावला असेल तर मुले आपण होऊन एकमेकांना अडवतात.

परत आल्यावर काम संपत नाही. मैंदर्गीलाही पांढर आहे, अक्कलकोट तालुक्यातल्या लहानसहान गावांनाही आहे. घराचा पाया खणताना, आड साफ करताना, रस्ता रुंद करताना ती उघडी पडते. मुलांनी अशा ठिकाणी खणलेल्या भिंतीचा एक उभा नकाशा काढावा : वरून किती सेंटिमीटरवर माती बदलते, राखेचा पट्टा कोठे आहे, वीट कोणत्या मापाची आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, कानडीत आणि मराठीत, गल्लीगल्लीची जुनी नावे लिहून घ्यावीत. ‘तगर’चे ‘तेर’ झाले हे नावामुळेच ओळखता आले, हे त्यांना आता ठाऊक आहे. तीस मुलांच्या तीस वह्या एकत्र केल्या तर गावाच्या पांढरीची पहिली नोंदवही तयार होईल. ती शाळेच्या कपाटात ठेवावी आणि दर वर्षी नव्या वर्गाने तिच्यात भर घालावी.